पहिला सूर टाइप करण्याआधी

यंदा दांडिया बाजारातल्या मंडळाच्या बंदिशी म्युझस्कोअर या सूर लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टाफ नोटेशनवर, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत, उतरवायच्या आहेत, कारण व्हायोलिन-क्लॅरिनेटवाल्या मुलांना सारेगम वाचता येत नाही.

आधी जुन्या वह्या वेगळ्या करा. भातखंड्यांची १९१६ची संगीत परिषद आपल्याच बडोद्यात भरली, म्हणून सगळ्या वह्या त्यांच्याच स्वरलेखन पद्धतीच्या असतील असं धरून चालू नका. भातखंडे पद्धतीत स्वरावरचं टिंब तार (वरच्या) सप्तकाचं, दुसऱ्या म्हणजे पलुस्कर पद्धतीत तेच टिंब मंद्राचं (खालच्या सप्तकाचं). पलुस्करांकडे + म्हणजे तालातली ‘खाली’ (टाळी नसलेली जागा) आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, १ने दाखवतात. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पद्धत पेन्सिलीने लिहून ठेवा.

मग षड्ज, म्हणजे सा कुठे धरायचा ते. गाणारे काका काळी एकमध्ये गातात. स्टाफवर ते लिहायचं तर पाच कोमल चिन्हं नाहीतर सात तीव्र. व्हायोलिन शिकणारी पोरं पळून जातील. पांढरी दोन धरली तर दोन तीव्रांत काम होतं. काका अर्धा सूर चढतील का, ते जेवणानंतर विचारा, आधी नको.

सगळ्यात जास्त वेळ मात्र बारवर, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या घरावर, घालवा. सॉफ्टवेअर स्वतःहून चार-चार मात्रांचे बार देतं, आणि आपल्याला वाटतं, त्रितालाचं आवर्तन म्हणजे सोळा मात्रांचा एक बार, आत विभागाला तुटक रेघा. दिसायला छान! पण एका सुराला लावलेलं कोमल-तीव्राचं चिन्ह त्याच सप्तकात बार संपेपर्यंत लागू राहतं, आणि तुटक रेघेने बार संपत नाही. देस रागात अवरोहात कोमल निषाद टाकलात की त्याच आवर्तनात पुढे अक्षराने टाइप केलेला शुद्ध निषादही कोमलच उमटतो. भातखंडे पद्धतीत खालची आडवी रेघ त्या एकाच स्वराची असते, म्हणून आपल्याला हे सुचतही नाही. तेव्हा विभाग म्हणजे बार, समेआधी दुहेरी रेघ. झपतालात दोन-तीन-दोन-तीन मात्रांचे बार करा. दर बारला येणारे तालाचे आकडे निवडून व्ही दाबलं की छपाईतून जातात. बारचे क्रमांक बंद करा, आवर्तनाचे आकडे हाताने टाका.

क्लॅरिनेटचं पान एक पूर्ण सूर वर लिहिलेलं असतं. काम करताना कॉन्सर्ट पिच (प्रत्यक्ष वाजणारे सूर दाखवणारं बटण) चालू ठेवलं तर चालेल, छापताना बंद. गेल्या वर्षी मी विसरलो आणि पहिल्या तालमीला नांदीच बेसूर झाली.

बोलांसाठी देवनागरी फॉन्ट स्वतः निवडा, मुक्ता चांगला आहे. एक जोडाक्षरवाली ओळ पीडीएफ करून बघा. अवग्रह (ऽ) टाइप करू नका. अक्षर लांबवायला अंडरस्कोर दाबा, रेघ आपोआप ओढली जाते.

हे जमलं की स्टाइल सेव्ह करून सगळ्यांना द्या, म्हणजे प्रत्येकाची पानं वेगळी दिसणार नाहीत. शिवाय प्रत्येक बंदिशीची म्युझिकएक्सएमएल प्रतही काढा, ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडते. फिनाले हे असंच सॉफ्टवेअर १९८८पासूनचं, तरी ऑगस्ट २०२४मध्ये त्याचा विकास थांबल्याचं जाहीर झालंच.

कागद ए-फोर आहे ना, ते एकदा बघा. व्हायोलिनवाल्या दोघांत एकच स्टँड आहे, त्यांची पानं मोठ्या अक्षरात काढा.