गेममधे वारकरी खेळताय? आधी नेमनियम ठरवा

ऑनलाइन रोलप्लेमधे, म्हणजे एखादं पात्र बनून खेळायच्या गेममधे, वारकरी घेतला की बरेचजण नुसतं दर वाक्याला "विठ्ठल विठ्ठल" टाइप करतात, तसं नका करू. आमच्या लोणंदला माउलींची पालखी मुक्कामाला येते तेव्हा बघा, माळकरी माणूस समोरच्याच्या पाया पडतो, तो वयानं लहान का असेना, आणि हाक "माउली" म्हणूनच. म्हणून कॅरेक्टर बनवतानाच नेम लिहून ठेवा, तुळशीची माळ, मांस-दारू बंद, एकादशीचा उपास, आणि गेममधे अडचण झाली तरी मोडू नका, सगळी पार्टी, म्हणजे सोबतचे खेळाडू, हेल्थ वाढवायला भाजलेलं मटण खात असली तरी आपला गडी कमी हेल्थवरच पुढं चालणार, खरंच तिथंच कॅरेक्टर जिवंत होतं. दुसऱ्यांना उपदेश मात्र नको, माझ्या आजीनं माळ घातल्यापासनं कधी कुणाच्या ताटाला नाव ठेवलं नाही, फक्त स्वतःचं ताट बाजूला घेऊन बसायची.