रोबोकॉनचं वेळापत्रक आखताय? या चुका टाळा

रोबोकॉन म्हणजे कॉलेजच्या टीमांची रोबोट बनवायची स्पर्धा. थीम, म्हणजे त्या वर्षीचा खेळ, जाहीर होते, वर्कशॉपच्या भिंतीवर मोठा तक्ता चिकटतो आणि दिवाळीनंतर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. खानदेशातल्या कॉलेजांत हौशी पोरांना तोटा नाही. टीम अडकते ती तारखांत, आणि बहुतेक वेळा त्याच त्या ठिकाणी.

आजपासून पुढे मोजू नका. एबीयू (आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन) रोबोकॉन २००२ पासून सुरू आहे आणि दर वर्षी यजमान देश नवा खेळ ठरवतो, म्हणजे जुना रोबोट आहे तसा कामाला येत नाही. स्पर्धेच्या तारखेपासून उलटं मोजा. शेवटचे सहा आठवडे नुसता सराव आणि दुरुस्ती, त्याआधी वायरिंग अन् प्रोग्रामिंग, उरेल तो वेळ डिझाइन आणि बांधणीचा. तो फार थोडा उरतो. हे ऑक्टोबरातच कळलेलं बरं.

तक्त्यात आपल्याकडचं वर्षही हवं. श्रावणात कानबाईच्या सणाला पोरं गावी जातात, दिवाळीच्या सुमारास काहींच्या घरी कापूस वेचणी असते, पुढे विद्यापीठाचे पेपर, थंडीत भरीत पार्टी (ती रद्द करा म्हणणाऱ्या कॅप्टनचं कोणी ऐकणार नाही, रविवार सोडूनच द्या), मग आखाजी (अक्षय्य तृतीया). मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारचं काम धरूच नका, आणि लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

सगळ्यात महागात पडते ती चूक वेगळीच: प्रोग्रामरच्या हाती रोबोट शेवटी येतो. मेकॅनिकलवाले रोज ‘झालाच’ म्हणतात आणि कोडवाल्याला जेमतेम आठवडा मिळतो. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच प्लायवूडचा सांगाडा, चाकं, मोटर आणि एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर) जोडून त्याला देऊन टाकणं. वर विटा ठेवून अंदाजे खऱ्या रोबोटइतकं वजन भरा, नाहीतर पीआयडीचे (मोटरचा वेग आणि जागा सांभाळणाऱ्या नियंत्रणाचे) आकडे खऱ्या रोबोटवर पार बदलतात. बदल थोडे होतीलच, पण कोडचा तर्क तपासून झालेला असेल.

‘नव्वद टक्के झालं’ हे उत्तर तक्त्यात लिहू नका. ‘चालताना कोणी पाहिलं, कधी?’ असा रकाना ठेवा.

एमआयडीसीतला टर्नर आपलं काम त्याच्या मोठ्या ऑर्डरींच्या फटीत करतो. मापांसह ड्रॉइंग द्या आणि तो सांगेल त्यावर चार दिवस धरा. मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारे सर्किट बोर्ड) जास्तीचे आधीच मागवा; ऐनवेळी पुण्या-मुंबईकडून पार्सल येईपर्यंत सराव बुडतो.

तरीही मागे पडलात, तर सरावाचे दिवस खाऊ नका. कमी गुण देणारी एखादी यंत्रणाच काढून टाका. सिनिअर रुसतील, रुसू द्या.

आणि वायरिंग एकट्यालाच कळत असेल, तर त्याचा बॅकलॉगचा पेपर कधी आहे ते आजच विचारा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा, आकृती झाकणाच्या आतून चिकटवा, आणि एका ज्युनिअरला ती बघून सगळं सोडून परत जोडायला लावा.