पेराएवढा मावळा कसा रंगवावा

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आमच्या घरी वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेले असत. दरवर्षी बाहेर काढले की कुणाची तलवार मोडलेली, कुणाचं नाक पांढरं पडलेलं. पोस्टर कलरनं त्यांना पुन्हा सजवायचं काम माझ्याकडे असे. मग किल्ल्यावर अळीव पेरायचं, त्यावर पाणी शिंपडायचं आणि दुसऱ्या दिवशी मावळ्यांचे रंग ओघळलेले पाहायचे. पोस्टर कलर वाळला तरी पाण्यानं परत सुटतो, हे मी तिथं शिकलो. हा नाद तेव्हापासूनचा.

आज माझ्या टेबलावर उभे असतात ते शिपाई २८ मिलिमीटरचे, अंगठ्याच्या पेराएवढे. संग्राहकांमध्ये ५४ आणि ७५ मिमीच्या मूर्तीही चालतात, पण पटावरच्या युद्धखेळांमुळे २८ मिमी सगळ्यांत जास्त दिसतात. इथं मी सतराव्या शतकातला धातूचा एक मराठा पायदळी शिपाई घेऊन सगळी रीत सांगतो. रोमन सैनिक असो की पंखवाला ड्रॅगन, क्रम हाच राहतो. नवशिक्याला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: रंगाची बाटली उघडण्याआधीच्या दोन तासांवर जीव लावा. मूर्ती बिघडते ती बहुतेक वेळा तिथंच.

आधी खरवडणं आणि धुणं

मूर्ती कशाची आहे ते पाहून घ्या. धातूची मूर्ती बहुधा कथिलाच्या मिश्रधातूची असते, ती हाताला जड लागते. रेझिन हलकं आणि ठिसूळ असतं. कडक प्लास्टिक थोडं लवतं. धातू आणि रेझिनला सुपरग्लू लागतो. कडक प्लास्टिकला मॉडेलिंगचं प्लास्टिक सिमेंट वापरा. ते दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतं. जुन्या धातूच्या मूर्तींमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कानस चालवताना खाणंपिणं लांब ठेवा आणि नंतर हात साबणानं धुवा. रेझिन घासताना पॉलिश पेपर ओला करून घासा आणि तोंडाला मास्क लावा. ती पूड श्वासात जाता कामा नये.

आता साच्याची रेघ शोधायची. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं मूर्तीच्या अंगावर एक बारीक उंचवटा राहतो. तो कानावरून, खांद्यावरून, पायाच्या कडेनं आणि तलवारीच्या पात्यावरून जातो. डोळ्याला चटकन दिसत नाही, म्हणून दिव्याखाली मूर्ती तिरपी धरून नखानं चाचपा. सापडला की ब्लेड त्याच्यावर आडवं, काटकोनात धरून हलकं खरवडा. कापायचं नाही. शेवटी बारीक पॉलिश पेपरचा हात फिरवा. कच्ची अवस्था असताना ही रेघ क्षुल्लक वाटते, पण वर गडद वॉश, म्हणजे खोलगट भागांत साचणारा पातळ रंग, पडला की ती शिपायाच्या गालावरून जखमेच्या व्रणासारखी उठून दिसते.

साच्यातून सुटावी म्हणून वापरलेली पावडर किंवा तेल मूर्तीवर राहिलेलं असतं. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि जुना टूथब्रश घेऊन ते घालवा, मग मूर्ती फडक्यावर पूर्ण वाळू द्या.

भाला धरलेल्या शिपायाच्या बाबतीत माझा एक आग्रह असतो. धातूचा ओतीव भाला मऊ असतो, खेळात हाताळला की वाकतो, आणि तीनचार वेळा सरळ केला की तुटतो. त्यापेक्षा तो कापून टाका आणि मुठीतून बारीक ड्रिलनं भोक पाडा. ड्रिल हातानंच फिरवा. मग त्यात एक मिलिमीटरची पितळी तार ओवा. तारेचं टोक छोट्या हातोडीनं ठोकून चपटं करा आणि कानशीनं दोन्ही बाजूंनी निमुळतं करा. पाच मिनिटांत असं पातं तयार होतं की मूळ भाल्याची आठवणही येत नाही. सुटे हातही असेच जोडा: दोन्हीकडे एक मिलिमीटरचं भोक, मधे जेमक्लिपचा तुकडा, वर सुपरग्लू. नुसत्या ग्लूवर टांगलेला हात एक दिवस पडतोच. सांध्यात फट राहिली तर एम-सीलची बारीक वळी दाबून पाण्यानं ओल्या केलेल्या बोटानं गुळगुळीत करा.

शेवटी मूर्ती दुहेरी चिकटपट्टीनं औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या बुचावर बसवा. इथून पुढं हात लागेल तो बाटलीला. मूर्तीला बोटांचं तेल लागता कामा नये.

प्रायमर आणि आपला पावसाळा

नागड्या धातूवर ॲक्रिलिक रंग टिकत नाही, नखानं सुटतो. म्हणून प्रायमर लावायचाच. स्प्रे वापरत असाल तर मोकळ्या हवेत, मास्क लावून, वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतरावरून मारा. हात थांबवू नका. फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करा, मूर्तीवरून नेऊन बाहेरच संपवा. दोनतीन हलके हात पुरतात.

एका जुलैत पाऊस उघडलाय असं पाहून मी गॅलरीत तीन घोडेस्वारांवर स्प्रे मारला. वाळल्यावर हात लावला तर पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत. हवेतल्या दमटपणानं प्रायमर नीट बसलाच नव्हता, आणि घोड्यांची आयाळ त्याखाली बुजून गेली होती. ते तिन्ही मी रात्रभर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, टूथब्रशनं घासून पुन्हा पहिल्यापासून केले. तुमच्यावर ही वेळ आली तर ॲसिटोन मात्र घेऊ नका. धातू ते सोसतो, पण प्लास्टिक त्यात अक्षरशः वितळतं. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर जून ते सप्टेंबर ब्रशनं लावायचा प्रायमर वापरा. वेळ लागतो, पण हवेची भीती नाही.

रंग काळा, करडा की पांढरा? मी आधी सगळीकडे काळा लावतो आणि मग फक्त वरच्या बाजूनं, माध्यान्हीचं ऊन पडावं तसा, पांढऱ्याचा हलका फवारा मारतो. त्यानं अंगरख्याची कुठली घडी उजेडात आहे आणि कुठली सावलीत, हे रंग देण्याआधीच दिसतं. प्रायमर एक रात्र वाळू द्या.

रंग कुठले

काल्पनिक मूर्तीला तुम्ही हिरवी कातडी द्या नाहीतर निळी, कोणी अडवणार नाही. ऐतिहासिक शिपायाचं तसं नाही. त्याचा कपडा कशात रंगवला गेला असेल, हा पहिला प्रश्न. विल्यम पर्किनला लंडनमध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग सापडला तो १८५६ साली. त्याआधी कापड रंगायचं ते निळीत, मंजिष्ठात, कुसुंब्यात, हळदीत, डाळिंबाच्या सालीत. त्यामुळे माझ्या मावळ्याच्या अंगावर झगझगीत जांभळा किंवा पोपटी येत नाही. सुती अंगरखा आणि चोळणा कोऱ्या मांजरपाटाच्या रंगाचे, मुंडासं मंजिष्ठी लाल, कमरेचा शेला निळीत बुडवलेला. ढाल गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची, काळपट, वर पितळेच्या चार फुल्या. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं डोळ्यांसमोर पाहता येतात. वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यातली भित्तिचित्रं शंभरेक वर्षं नंतरची आहेत, तरी त्या काळच्या रंगांची जात ती चांगली समजावतात. पडद्यावरचे मावळे पाहून रंग ठरवू नका.

रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिकच घ्या. खास मिनिएचरसाठीचे रंग ड्रॉपरच्या बाटलीत मिळतात, ते महाग असले तरी वर्षानुवर्षं पुरतात. १९३१ पासूनच्या आपल्या कॅम्लिनच्या ॲक्रिलिक ट्यूबवरही सुरुवात होते. तो रंग जाड असतो, एवढं लक्षात ठेवून पातळ करायला वेळ द्या. ब्रश दोन पुरे: १ नंबर मापाचा, चांगल्या टोकाचा एक, आणि खरखरीत कामाला एक स्वस्तातला. शून्य-शून्य मापाचे अतिबारीक ब्रश घेऊ नका. त्यांच्यात रंग मावत नाही आणि मूर्तीपर्यंत पोचेस्तोवर वाळतो.

आपल्या उन्हाळ्यात ताटलीवरचा रंग दोन मिनिटांत सुकतो. त्यावर उपाय घरातच आहे. जेवणाचा चपटा डबा घ्या, त्यात पातळ स्पंज किंवा टिश्यूची घडी ओली करून पसरा, वर बेकिंगचा कागद टाका. रंग त्या कागदावर काढा. झाकण लावलं तर रंग दोन दिवससुद्धा ओला राहतो. पाण्याला वास येऊ नये म्हणून स्पंजखाली तांब्याच्या तारेचं एक वेटोळं ठेवा.

पहिले थर

रंग दुधाइतका पातळ करा. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर, आणि दोन्हींच्या मधे पूर्ण वाळवण. आतून बाहेर या: आधी त्वचा, मग कपडा, मग कातडं, शेवटी धातू. असं केलं की ब्रश घसरला तरी चूक वरच्या थरात झाकली जाते.

पांढरा कपडा नवशिक्यांना फसवतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. पांढऱ्यापासून सुरुवात केली की पुढं जायला जागाच उरत नाही आणि शिपाई खडूचा दिसतो. पहिला थर करड्या-बदामी रंगाचा द्या, धुवट खादीच्या सावलीसारखा. घड्यांच्या खोलात पाण्यासारखा पातळ तपकिरी सोडा आणि तो तिथंच साचू द्या; सपाट भागावर आला तर कोरड्या ब्रशनं टिपून घ्या. मग घडीच्या उंचवट्यांवर मोतिया रंग. शुद्ध पांढरा मी फक्त तीन ठिकाणी लावतो: खांद्याचा माथा, वाकलेल्या कोपराचं टोक, गुडघ्यावर ताणलेला चोळणा. एवढ्यानं डोळा अख्खा अंगरखा पांढरा मानतो.

लाल मुंडाशाचं उलट आहे. लाल उजळ करायला त्यात पांढरा घातला तर गुलाबी होतो. नारिंगी किंवा त्वचेचा रंग मिसळा.

चेहरा

डोकं तुरीच्या दाण्याएवढं. मूर्ती पाहणारा आधी तिथंच पाहतो. आपल्या मातीतला माणूस रंगवताना बाटलीवर लिहिलेला गुलाबी त्वचेचा रंग बाजूला ठेवा. मध्यम तपकिरीत थोडा लालसर मिसळून पहिला थर द्या. वर तांबूस तपकिरी वॉश. तो नाकाच्या बाजूला, ओठांखाली, डोळ्यांच्या खोबणीत बसतो. वाळल्यावर मूळ रंगात थोडा पिवळट बदामी मिसळून नाकाचा दांडा, गालाची हाडं, हनुवटी, भुवयांवरचा कपाळाचा भाग आणि मुठीचे सांधे उजळा. प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान भागावर.

डोळ्यांसाठी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा आणि मनगटं एकमेकांना जोडा, हात थरथरत नाही. खोबणीत गडद तपकिरी आडवी रेघ, तिच्या आत मोतिया रंगाचा ठिपका, आणि त्यावर मधोमध वरपासून खालपर्यंत एक काळी उभी रेघ. बुबुळ गोल काढायला गेलात तर शिपाई घाबरलेला दिसतो. रेघ वरच्या आणि खालच्या पापणीला टेकली की नजर शांत होते. चुकलं तर त्वचेच्या रंगानं झाका आणि पुन्हा काढा. मला अजूनही एका चेहऱ्याला तीनतीन प्रयत्न लागतात. त्यात नंतर मिशीची एक काळी रेघ ओठांवर आली की माणूस जिवंत होतो, आणि त्या क्षणासाठीच मी हे सगळं करतो.

धातू, तळ, वार्निश

पात्याला पोलादी रंग, वर पातळ काळा वॉश, वाळल्यावर धारेवर चंदेरी रेघ. ढालीच्या फुल्यांना पितळी रंग आणि भोवती तपकिरी.

तळाला फेव्हिकॉल लावून चाळलेली वाळू चिकटवा. माझा शिपाई कोकणातला असेल तर मी जांभ्याची लाल पूड वापरतो, घाटावरचा असेल तर काळ्या दगडाची चुरी. माती आधी तव्यावर कोरडी भाजून घ्या, नाहीतर पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते. धुऊन वाळवलेली चहाची पत्ती पाचोळ्यासारखी छान दिसते.

वार्निश दोन थरांत: आधी चकचकीत, संरक्षणासाठी, आणि तो वाळल्यावर मॅट, चमक घालवण्यासाठी. इथंही दमट हवेत स्प्रे नको, पांढुरकी साय धरते. धरलीच तर घाबरू नका. कोरड्या दिवशी चकचकीत वार्निशचा एक हात दिला की बहुतेक वेळा ती निघून जाते. पातं आणि फुल्या शेवटी ब्रशनं परत चकचकीत करा.

तळाच्या खालच्या बाजूला बारीक पेननं तारीख आणि वापरलेले रंग लिहून ठेवा, मिश्रणाच्या प्रमाणासकट. तुकडीतले बाकीचे नऊ जण सहा महिन्यांनी रंगवायला घ्याल, तेव्हा त्यांची मुंडाशी पहिल्याच्या लाल रंगाशी जुळवायला तेवढीच नोंद हाताशी असेल.