अभ्र्यांवरचे बुरशीचे ठिपके असे गेले

पांढऱ्या सुती अभ्र्यांवर बुरशीचे काळे ठिपके पडले होते, साबणाने हटत नव्हते. शेवटी क्लोरीन ब्लीचने गेले.

आधी लेबल वाचलं. लोकर, रेशीम आणि स्पॅन्डेक्सला हे ब्लीच चालतच नाही, कापड पिवळं पडून विरतं. अभ्र्यांना निळी किनार होती, म्हणून आतल्या बाजूला पातळ केलेल्या ब्लीचचा थेंब टाकला आणि मिनिटभराने टिपून पाहिलं. निळा रंग उतरला नाही.

खिडकी उघडली, रबरी मोजे घातले. बादलीत 4 लिटर गार पाणी, त्यात पाव कप ब्लीच, मग अभ्रे. कपड्यावर थेट ओतू नये, तेवढाच भाग कुजतो. ठिपके आधी तपकिरी झाले, मग फिकट सावलीसारखे, 10 मिनिटांत दिसेनासे. लगेच भरपूर पाण्यात खळबळले.

कळकळीने सांगते, ब्लीचमध्ये व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका. आम्लामुळे क्लोरीन वायू सुटतो, अमोनियामुळे क्लोरामाइन. दोन्ही फुफ्फुसांना घातक. पाण्यात लोह जास्त असेल तर ब्लीचने उलट तांबूस डाग पडतात.

उरलेलं पाणी साठवलं नाही, पातळ ब्लीचचा जोर लवकर उतरतो.