वर्णद्वेष आणि बायबल : मंडळीत चार बैठकांचा अभ्यास कसा घ्यावा

सोलापुरातल्या कुठल्याही मंडळीत (चर्चमध्ये) हा विषय काढा, पहिलं वाक्य ठरलेलं : "देवासमोर सगळे सारखे." खरंच आहे, पण त्यावर बैठक संपते. म्हणून समतेची वचनं मागे ठेवा. माणसं दडपायला जी वापरली, ती आधी घ्या. आठ-दहा जण, दीड तास, चार शनिवार. (रविवारी उपासनेनंतर ठेवलंत तर निम्मे जेवायला पळतात.)

पहिल्या दिवशी उत्पत्ती 9:20-27 मोठ्यानं दोनदा वाचा. शाप कोणाला? बहुतेक जण नोहाच्या मुलाचं, हामचं नाव घेतील. मजकुरात शाप हामच्या मुलाला, कनानला आहे आणि कातडीच्या रंगाबद्दल अवाक्षर नाही. तरी आफ्रिकी लोक हामचे वंशज मानून अमेरिकेत गुलामीचं समर्थन याच ओळींवर झालं. उत्तर सांगू नका, ओळीवर बोट ठेवून शोधू द्या.

दुसऱ्या दिवशी क्लिपा आणा. निर्गम 1 ते 18 ची पानं क्लिपेनं बंद करून इफिसकरांस 6:5 वाचा. 1807 मध्ये लंडनला वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी छापलेल्या बायबलात असंच होतं : मिसरातून सुटकेची कथा गाळलेली, मालकाच्या आज्ञेत राहा हे ठेवलेलं. आता क्लिप काढून निर्गम 3:7 वाचा, देव आपल्या लोकांची विपत्ती पाहतो ते. मग फिलेमोन 16, दास नव्हे तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार असं सांगणारं. आपल्या भाषांतरात तिथे 'दास' आहे आणि मराठी कानाला दास म्हणजे भक्त. बेड्या ऐकूच येत नाहीत. 'गुलाम' घालून पुन्हा वाचा.

तिसरा दिवस अमेरिकेतले कृष्णवर्णीय ईश्वरशास्त्रज्ञ जेम्स कोन यांचा. ख्रिस्त काळा आहे, ही त्यांची 1969 पासूनची मांडणी. कोणीतरी म्हणेलच, "येशू तर यहुदी!" कोन यांचा मुद्दा तोच : तो रोमच्या टाचेखालच्या लोकांतला, म्हणून काळा. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नजरेनं बायबल वाचणाऱ्या डेलोरेस विल्यम्स यांची हागारही घ्या, अब्राहामाच्या घरची गुलाम बाई. उत्पत्ती 16 मध्ये देव तिला सोडवत नाही, मालकिणीकडे परत पाठवतो. इथे बायकांना आधी बोलू द्या.

चौथ्या दिवशी घरी या, म्हणजे आपल्याकडच्या जातीकडे. ख्रिस्ती ईश्वरशास्त्रज्ञ अरविंद निर्मल यांनी 1981 मध्ये बंगळूरला दलितांच्या ईश्वरशास्त्राची मांडणी सुरू केली. त्यांचा पुढचा आधार बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं 26:5, भटकणारा अरामी पूर्वज. सोलापूरच्या सेटलमेंटजवळ हे वचन वेगळं ऐकू येतं : 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलेली माणसं तिथे तारेआड ठेवली जात, कायदा 1952 मध्ये गेला.

बैठकीत कोणाची जात विचारू नका. राष्ट्रपतींच्या 1950 च्या अनुसूचित जाती आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. दाखल्यावर काय लिहिलंय हा अनेक घरांत पोटाचा प्रश्न आहे.