नाश्त्याचं सिरियल कुठलं घ्यायचं: ब्रँडचं की दुकानाचं?

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी घरात पहिल्या महिन्यात दोन गोष्टी हटकून दिसतात. इंडियन दुकानातून उचलून आणलेली दहा किलो आट्याची गोणी आणि केलॉग्जचा मोठा खोका. गोणीबद्दल माझं काही म्हणणं नाही, खोक्याबद्दल आहे.

केलॉग्ज आपल्याला घरचीच वाटते. १९९४ मध्ये ती भारतात आली, कारखाना काढला तळोज्याला, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तिच्या कॉर्नफ्लेक्सवर गरम दूध ओतून लगदा करून खाल्ला. इथल्या शेल्फसमोर सगळंच अनोळखी असताना ते नाव दिसलं की हात आपसूक तिकडे जातो. पण जरा खाली वाका. टेस्को, सेन्सबरीज, आस्डा या सुपरमार्केटांचा स्वतःचा माल तिथेच कुठेतरी ठेवलेला असतो. आल्डीत त्यावर 'हार्वेस्ट मॉर्न' आणि लिडलमध्ये 'क्राउनफील्ड' लिहिलेलं दिसेल. तेही दुकानाचेच ब्रँड. ते घेण्यात कमीपणा काही नाही. इथली चांगली खाऊनपिऊन सुखी माणसंही तेच ट्रॉलीत टाकतात आणि कुणी वळून बघत नाही.

भाव बघताना खोक्याची किंमत बघू नका, कारण खोके मुद्दाम वेगवेगळ्या वजनाचे असतात. किमतीच्या पट्टीवर बारीक अक्षरात १०० ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो, तो ताडून बघा. आणि टेस्कोचं क्लबकार्ड, सेन्सबरीजचं नेक्टार ही सवलतीची कार्डं आल्या आल्या काढा, फुकट असतात. कार्डावर कधीकधी ब्रँडचा माल इतका उतरतो की दुकानाच्या मालाशी बरोबरी होते. त्या आठवड्यात खुशाल ब्रँड घ्या.

आता खरा प्रश्न, आत काय असतं. पॉरिज ओट्सचा निकाल एका ओळीत लागतो: साध्या पाकिटात ओट्सशिवाय दुसरं काही नसतं, तेव्हा नावाचे जादा पैसे कशाला? वीटाबिक्सचंही जवळपास तेच. १९३२ पासून नॉर्दम्प्टनशरमधल्या बर्टन लॅटिमरला बनणाऱ्या या बिस्किटांत ९५ टक्के अख्खा गहू, बाकी जवाचं माल्ट, थोडी साखर, मीठ आणि वरून घातलेली जीवनसत्त्वं व लोह. दुकानाच्या 'व्हीट बिस्किट्स'चा खोका उलटा करून वाचा, यादी जवळजवळ तशीच निघेल. माझ्या मते दुकानाचं बिस्किट दुधात जरा लवकर विरघळतं. पण आपण गरम दूध घालणारे लोक, आपल्याला त्याचं काय!

कॉर्नफ्लेक्सचं मात्र मी छातीठोक सांगणार नाही. तिथे फरक जिभेला कळतो. शेजारी शेजारी दोन वाट्या ठेवा, दोन्हींत थंड दूध घाला आणि पाच मिनिटं थांबा. ब्रँडच्या पाकळ्या मोठ्या, फोड आलेल्या, कडेला अजून कुरकुरीत; माल्टचा खमंगपणाही जास्त. दुकानाच्या पाकळ्या बहुधा लहान, आणि खोका संपत आला की तळाशी भुगा. मुलं नखरे करत असतील तर ब्रँडचे पैसे वसूल होतात, नाहीतर नाही. म्यूस्लीत, म्हणजे ओट्स नि सुक्यामेव्याच्या मिश्रणात, सर्वांत जास्त सावध राहा. तिथे स्वस्त म्हणजे बऱ्याचदा गव्हाच्या पाकळ्या आणि बेदाण्यांची भर, बदाम-अक्रोड शोधावे लागतात. खोक्याच्या पुढे मध किंवा बदाम मिरवला असेल तर मागच्या यादीत त्याची टक्केवारी द्यावीच लागते. ती वाचली की हसू येतं.

पुढच्या बाजूच्या लाल-पिवळ्या-हिरव्या चौकोनांचंही एक गौडबंगाल आहे. साखर १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमपर्यंत असेल तर हिरवा, २२.५ च्या वर गेली की लाल. रंग असा १०० ग्रॅमवर ठरतो, पण मोठ्या अक्षरातला आकडा असतो एका वाढणीचा, आणि ही वाढणी बहुतेक वेळा ३० ग्रॅमची. काट्यावर एकदा ३० ग्रॅम मोजून बघा. वाटीचा तळ जेमतेम झाकतो. मुलांची चॉकलेटवाली सिरियल्स ब्रँडची काय नि दुकानाची काय, साखरेत फारसं डावं-उजवं नसतं.

शाकाहारी असाल तर साखर लावलेल्या गव्हाच्या चौकोनी तुकड्यांत आणि मार्शमॅलोवाल्या खोक्यांत जिलेटिन आहे का ते आधी बघा. ते बऱ्याचदा गायीच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं असतं. नाश्त्याच्या पदार्थात हे असेल अशी शंकाही आपल्याला येत नाही. ग्लुटेन चालत नसेल तर मक्याच्या कॉर्नफ्लेक्सवरही विसंबू नका, त्यात जवाचं माल्ट असतं.

आणि ड जीवनसत्त्व. इथलं ऊन तुम्ही बघितलंच आहे, आणि इथल्या साध्या दुधात ड जीवनसत्त्व घातलेलं नसतं. काही सिरियल्समध्ये ते घालतात, काहींत नाही, म्हणून दोन खोके ताडताना ती ओळ जरूर बघा. मात्र केलॉग्जच्या ३० ग्रॅम कॉर्नफ्लेक्समधून साधारण २.५ मायक्रोग्रॅम मिळतं, आणि इथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, सांगते रोज १०. आपल्यासारख्या दक्षिण आशियाई मंडळींनी तर वर्षभर घेण्याचा विचार करावा, असंही सांगते. तेव्हा गोळी वेगळी घ्याच. सुपरमार्केटमध्येच मिळते, आणि तीही दुकानाच्या ब्रँडची घ्या.

दिवाळीच्या चिवड्याला तर दुकानाचे सर्वांत स्वस्त कॉर्नफ्लेक्स डोळे झाकून आणा. इंडियन दुकानातला मक्याचा पोहा तळावा लागतो, हे तळायचे नाहीत. ओव्हनमध्ये मंद आचेवर जरा कोरडे करून घ्या आणि दाणे, डाळं, कढीपत्त्याची फोडणी गार होत आली की वर ओता. मुळात त्यात साखर आणि मीठ दोन्ही असतं, म्हणून पिठीसाखर आणि मीठ नेहमीच्या निम्म्याने घाला, आणि तेही चव बघूनच.