झाड पाडायचं की ठेवायचं, हे बुंध्यापाशी बसून ठरवा

झाडाबद्दल दोन सल्ले सगळीकडे ऐकू येतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. एक, हिरवंगार आहे ना मग ठणठणीत आहे. दुसरा, ढोली पडली म्हणजे झाड गेलं, पाडून टाका. हिरवी पालवी फक्त एवढंच सांगते की वरपर्यंत पाणी पोचतंय, आणि पाणी खोडाच्या बाहेरच्या थरातून चढतं, आतला गाभा त्यात नसतोच. झाड उभं राहतं ते जाड मुळांच्या आणि बाहेरच्या चांगल्या लाकडाच्या जोरावर. म्हणून मुळं कुजलेलं झाड भर पालवीत आडवं होतं आणि पोकळ झाड वर्षानुवर्षं उभं राहतं.

आधी पडलं तर कशावर पडेल ते बघा

झाडाच्या उंचीच्या साधारण दीडपट अंतरात काय येतं? घर, रस्ता, वीजेची तार, मुलांचा झोपाळा? काहीच नसेल तर वाळलेलं झाडसुद्धा उभं राहू द्या, सुतारपक्षी आणि घुबडं त्यातच राहतात. गाडी किंवा बाकडं हलवून काम भागत असेल तर आधी ते हलवा.

पालवी

पानगळीच्या दिवसात निर्णय घेऊ नका. शंका आली तर बारीक फांदीची साल नखाने खरवडा, खाली हिरवं ओलसर दिसलं की ती फांदी जिवंत. एखाद-दुसरी फांदी वाळली तर फांदी काढा, झाड नाही. निम्म्याहून जास्त डोलारा मेला असेल तर मात्र झाड सहसा परत येत नाही. आणि सगळीकडचे शेंडे एकदम वाळत असतील तर दुखणं सहसा मुळांमधे असतं.

कललेलं झाड

किती कललंय यापेक्षा कधी कललंय ते महत्त्वाचं. लहानपणापासून कललेलं झाड शेंड्याकडे परत वर वळलेलं असतं, त्याला घाबरायचं कारण नाही. पण सरळ झाड अलीकडे कलायला लागलं असेल आणि कललेल्या बाजूच्या मागे जमीन फुगलीय किंवा भेग पडलीय असं दिसलं तर मुळं उचकटताहेत, त्याच दिवशी खालची ये-जा बंद करा आणि जाणकार माणूस बोलवा. इथे थांबून बघू वगैरे नाही.

बुंधा आणि ढोली

खरा निर्णय इथे होतो आणि बहुतेक लोक इथे खाली वाकतही नाहीत. मलाही हे नीट जमायला बराच काळ गेला, कारण एकेक खूण वेगळी बघून काही कळत नाही, सगळ्या मिळून बघाव्या लागतात.

खोड जमिनीत शिरताना रुंद झालेलं दिसायला हवं. विजेच्या खांबासारखं सरळ आत गेलेलं दिसलं तर समजा कधीतरी तिथे मातीचा भराव टाकलाय, आणि भरावाखाली साल कुजते आणि मुळांना हवा मिळत नाही. ती माती हाताने बाजूला करा, कुदळ मारू नका, साल सोलली जाते. मग खोड आणि वरची मुळं सगळ्या बाजूंनी बघा. साल सुटतेय का, भुसा पडलाय का, पेचकस सहज आत जातोय का. बुंध्याला किंवा मुळांवर फळीसारखी टणक बुरशी आली असेल तर ती गंभीर खूण आहे, आणि ती खरवडून टाकून काही होत नाही कारण खरी बुरशी लाकडाच्या आत पसरलेली असते. बुंध्यापासून लांब मातीत उगवलेल्या मऊ अळंब्यांना मात्र घाबरू नका, त्यातल्या कितीतरी झाडाच्या सोबतीच्याच असतात.

नंतर लाकडी हातोडीने खोडाभोवती गोल फिरत वेगवेगळ्या उंचीवर ठोका. भरीव लाकूड आणि पोकळ लाकूड यांचा आवाज लगेच वेगळा कळतो, फक्त सुटलेल्या सालीचाही आवाज बद्द येतो तेव्हा एकाच ठोक्यावर विश्वास ठेवू नका.

ढोली असेल तर मोजा. खोडाचा घेर भागिले ३.१४ म्हणजे व्यास. घेर १९० सेंमी असेल तर व्यास साधारण ६० आणि त्रिज्या ३०. आता ढोलीच्या तोंडातून सळई समोरच्या टणक लाकडाला टेकेपर्यंत घाला. ४५ सेंमी गेली तर मागची भिंत १५ सेंमी उरली, ठीक आहे. ५३ गेली तर ७ उरली आणि हे धोक्याचं आहे, कारण चांगल्या लाकडाची जाडी त्रिज्येच्या निदान एक तृतीयांश हवी, म्हणजे इथे १० सेंमी. पण ढोलीचं तोंड मोठं असेल किंवा खोड उभं चिरलं असेल तर या हिशोबावर विसंबू नका, आणि मुळं कुजलेली असतील तर खोड कितीही जाड असो, उपयोग नाही. आकडा काठावर आला तर ध्वनिलहरींनी खोड तपासणारे तज्ज्ञ असतात, त्यांना बोलवा. आत काय आहे बघायला स्वतः ड्रिल मारू नका.

ढोलीत सिमेंट भरायचा सल्ला जो देईल त्याचं बाकीचंही ऐकू नका. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही, त्यामुळे आतून घासतं आणि ओल धरून राहते. ढोली खरवडणं आणि पाणी जायला भोक पाडणंही तितकंच वाईट. अमेरिकन वनखात्यात काम केलेल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, ते कुजलेल्या भागाभोवती भिंत घालून त्याला आत कोंडतं. तुम्ही खरवडता किंवा भोक पाडता तेव्हा तीच भिंत तोडता.

मुळांबद्दल अजून एक विचारा: मागच्या काही वर्षांत जवळ चर खणला होता का, पाईपसाठी, पायासाठी, काँक्रीटसाठी? बहुतेक मुळं वरच्या दोन-एक फुटातच असतात, चरात सहज तुटतात, आणि परिणाम दिसायला काही वर्षं जातात.

बाकीच्या गोष्टी

दोन जाड खोडं अरुंद बेचक्यात जुळलेली आणि मधे साल दबलेली असेल तर तो जोड कच्चा, पण त्यासाठी अख्खं झाड पाडायची गरज नसते, छाटणी करून आणि दोन्ही खोडं केबलने एकमेकांना बांधून भागू शकतं. शेंडा उडवून झाड बुटकं करू नका, नवीन फुटलेल्या फांद्या वरवर चिकटलेल्या असतात आणि वाढल्या की त्याच तुटतात. मुळं पाईपमधे शिरली तर आधी पाईप दुरुस्त करा, ती गळणाऱ्या जोडातूनच शिरतात. भिंतीला भेगा असतील आणि जमीन चिकणमातीची असेल तर आधी इंजिनिअरला विचारा, मोठं झाड एकदम काढल्यावर माती पाणी धरून फुगते आणि भेगा वाढू शकतात.

आता ठरवा

झाड मोडायची शक्यता आणि खाली काय आहे, दोन्ही एकत्र धरा. दोन्ही वाईट असतील तर पाडा, मन घट्ट करून पाडा. एकच वाईट असेल तर छाटणी, आधार, खालची जागा मोकळी करणं हे आधी. ठेवलंत तर दरवर्षी आणि प्रत्येक वादळानंतर बुंधा परत बघा, एकाच जागेवरून फोटो काढत चला. ज्याला पाडायचेच पैसे मिळणार आहेत त्याच्याकडून तपासणी करून घेऊ नका.

पाडायचं ठरलं तर स्वतःच्या जागेतल्या झाडालाही बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते, ती आधी काढा. घरट्यात पिल्लं असतील आणि धोका लगेचचा नसेल तर ती उडेपर्यंत थांबा. तार जवळून जात असेल तर फांदीलासुद्धा हात लावू नका, वीज कंपनीकडून आधी लाईन बंद करून घ्या.